दहा मीटर सपाट जमीन

सायकलीच्या सगळ्या खेळांमध्ये फ्लॅटलँड बीएमएक्सची मागणी सर्वांत कमी. डोंगर नको, ट्रॅक नको, लाकडी रॅम्प नको. वीस इंची चाकांची एक बुटकी सायकल आणि दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद सपाट जमीन एवढ्यावर हा खेळ होतो. चाकांच्या आसाला दोन्ही बाजूंनी धातूच्या किंवा प्लास्टिकच्या आखूड नळ्या लावलेल्या असतात, त्यांना पेग म्हणतात. त्या पेगवर पाय ठेवून खेळाडू कधी पुढच्या, कधी मागच्या एकाच चाकावर सायकल तोलतो, तिला स्वतःभोवती फिरवतो, स्वतः तिच्याभोवती फिरतो, आणि हे सगळे जमिनीला पाय न टेकवता. मात्र जी एकच गोष्ट हा खेळ मागतो तिच्याबाबत तो कमालीचा काटेकोर असतो. डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन त्याला पुरत नाही. चाकालाही ती सपाट वाटली पाहिजे.

पुण्याजवळच्या हिंजवडीत अशी जमीन शोधायला निघालेल्याची पंचाईत होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने इथे राजीव गांधी इन्फोटेक पार्कची उभारणी सुरू केली. मुळशी तालुक्याच्या या कडेला जिथे भाताची खाचरे होती तिथे इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट यांची आवारे आली. मागोमाग माण, मारुंजीच्या बाजूला उंच गृहप्रकल्प आले. माण ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोचे खांब रस्त्यांच्या मधोमध उभे राहिले. एवढे काँक्रीट ओतले गेलेल्या गावात दहा बाय दहा मीटरचा वापरता येईल असा तुकडा मिळू नये, हे खरे तर पटत नाही. आणि बारकाईने पाहिले तर ते खरेही नाही. तुकडे पुष्कळ आहेत. काही बांधकामाच्या कचीखाली झाकलेले आहेत, काही चारचाकींखाली, तर काही फक्त शनिवार-रविवारी रिकामे असतात. अशी जागा ओळखावी लागते, राखावी लागते आणि रीतसर मागावी लागते. या तिन्ही गोष्टी शिकता येतात.

जागेबद्दलचा हा काटेकोरपणा खेळात पहिल्यापासून नव्हता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात बॉब हॅरो आणि त्याच्यासारखी मुले बीएमएक्सच्या शर्यतीच्या सायकलींवर करामती करू लागली तेव्हा त्यांतल्या बऱ्याच एका जागी उभ्या राहून, ब्रेक दाबून, सायकल उड्या मारत तोलण्याच्या होत्या. तशा करामतींना खडबडीत डांबरी रस्ताही चालतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क या गावी केविन जोन्स आणि त्याच्या ‘प्लायवूड हूड्स’ या टोळीने खेळाची दिशा बदलली. ब्रेकवर थांबण्याऐवजी चाक सतत घरंगळत ठेवायचे, पायाने टायर घासत त्याला गती द्यायची आणि त्या गतीतच एका करामतीतून दुसरीत जायचे, अशी त्यांची रीत होती. ‘डॉर्किन इन यॉर्क’ या त्यांच्या व्हिडिओंमुळे ही रीत जगभर पोहोचली. जपानमध्ये ती इतकी रुजली की आज तिथले खेळाडू जगातल्या सर्वोत्तमांत गणले जातात. २०१९ मध्ये चीनमधल्या छंगदू शहरात आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने आपल्या शहरी सायकलिंगच्या जागतिक स्पर्धेत फ्लॅटलँडला पहिल्यांदा स्थान दिले आणि फ्रान्सचा मातियास दांद्वा पुरुषांमध्ये विजेता ठरला. ऑलिंपिकमध्ये बीएमएक्सची शर्यत २००८ पासून आहे, रॅम्पवरचा पार्क प्रकारही टोकियोत आला. फ्लॅटलँड अजून बाहेरच आहे.

घरंगळणारे चाक हेच या खेळाचे इंजिन. त्यामुळे जमिनीचा सगळा हिशेब त्या चाकापासून सुरू करायला हवा.

खेळाडू आणि सायकल मिळून ७५ किलो वजन धरू. ‘हँग फाइव्ह’ नावाच्या प्रसिद्ध करामतीत एक पाय पुढच्या पेगवर, दुसरा हवेत लोंबता आणि मागचे चाक उचललेले असते. म्हणजे सगळे वजन पुढच्या एका टायरवर. टायरमध्ये हवा भरपूर, अनेकदा १०० पीएसआयच्या आसपास. वजनाला दाबाने भागले की टायर जमिनीला किती जागेत टेकतो ते निघते. ते येते जेमतेम ११ चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा जागेवर माणसाचा तोल, सायकलीचा तोल आणि गती सांभाळली जाते. तिथे चार मिलिमीटरचा खडा आला की चाक अडते, शरीर पुढे जाते आणि करामत संपते. साध्या सायकलस्वाराला असा खडा जाणवतही नाही.

उताराचे गणित याहून बोलके आहे. फ्लॅटलँडमधली चाल ताशी सातेक किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दोन मीटर मानली, तर त्या गतीत साठलेली ऊर्जा सायकलीला फक्त २० सेंटिमीटर उंच चढवू शकते. आपल्याकडे पावसाचे पाणी कडेला जावे म्हणून रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत साधारण दोन टक्के उतार देतात. दोन टक्के म्हणजे दहा मीटरला २० सेंटिमीटर. खेळाडूने पाय न लावता त्या उतारावर उलट्या दिशेने चाक सोडले, तर दहा मीटरमध्ये त्याची सगळी गती जिरते, टायरचे घर्षण मोजले नाही तरी. फिरकी घेताना तर आणखी त्रास. वर्तुळाच्या अर्ध्या भागात सायकल वेग घेते, उरलेल्या अर्ध्यात गमावते, आणि दर फेरीत वर्तुळ उताराच्या बाजूला सरकत जाते. ७५ किलोच्या वजनाला दोन टक्के उतारावर जो ओढा बसतो तो दीड किलो वजनाएवढा असतो. नवशिक्याला तो कळत नाही. आपलाच तोल चुकतोय असे त्याला वाटते. म्हणून तर जागेची पारख आधी आणि सराव नंतर. चुकीच्या जमिनीवर महिनोन्‌महिने घाम गाळणाऱ्या मुलाला खेळ अवघड वाटतो, आणि दोष त्याचा नसतो.

हा हिशेब डोक्यात ठेवून हिंजवडीतल्या जमिनी पाहू.

डांबरी रस्ता रहदारीमुळे बाद आहेच, पण रिकामा मिळाला तरी फारसा कामाचा नाही. वरच्या थरातली खडी दहा-तेरा मिलिमीटरपर्यंतची असते आणि वापराने डांबर झिजले की ती डोके वर काढते. फिरकीत टायर जागच्या जागी पिळला जातो. खडबडीत पृष्ठभागावर त्या पिळण्यातच गती खर्च होते आणि टायर झपाट्याने झिजतो. शिवाय पडल्यावर सोलटणारी कातडी. एप्रिल-मेच्या उन्हात डांबर मऊ पडते ते निराळेच.

काँक्रीटचे रस्ते दुरून गुळगुळीत दिसतात. जवळ जाऊन हात फिरवला तर त्यावर आडव्या रेघा लागतात. ओल्या काँक्रीटवर मुद्दाम ब्रश किंवा दात्यांचे अवजार फिरवून त्या काढतात, पावसात गाड्यांचे टायर घसरू नयेत म्हणून. मोटारीला त्या हव्यातच. एका चाकावर चालणाऱ्या माणसाला त्या सतत थरथरवतात.

पेव्हर ब्लॉक हा हिंजवडीच्या पायवाटांचा, सोसायट्यांच्या आवारांचा आणि ऑफिसांच्या प्रवेशद्वारांचा आवडता पृष्ठभाग. गटारीचे किंवा केबलचे काम निघाले की ठोकळे काढता येतात, पुन्हा बसवता येतात, म्हणून तो सोयीचा. फ्लॅटलँडसाठी मात्र याहून वाईट पृष्ठभाग क्वचितच असेल. प्रत्येक ठोकळ्याच्या कडा तासलेल्या असल्याने दर वीस-पंचवीस सेंटिमीटरवर एक खाच येते. एक-दोन पावसाळ्यांत सांध्यांतली वाळू वाहून जाते, खालचा थर खचतो आणि ठोकळे वरखाली होतात. तिथे शिकू पाहणाऱ्याने शिकण्याचा नाद सोडण्याआधी ती जागा सोडावी.

पोडियमवरच्या चेकर्ड टाइलची आणि पार्किंग टाइलची गतही जवळपास तीच. क्लब हाउसच्या दारातला चकचकीत ग्रॅनाइट दुसऱ्या टोकाचा. कोरडा आणि स्वच्छ असताना तो छान वाटतो. धुळीचा बारीक थर किंवा चार थेंब पाणी पडले की टायर अचानक निसटतो. चाकाला पकडही लागते, आणि ती एकसारखी लागते. खेळाडू थोड्या कमी पकडीशी जुळवून घेतो, पण मधूनच बदलणाऱ्या पकडीशी कोणालाच जुळवून घेता येत नाही.

मग चांगली जमीन कोणती? त्याचे उत्तर हिंजवडीतल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या इमारतीत आहे आणि गवंडीकामाशी संबंध आलेला प्रत्येक माणूस ते जाणतो. ट्रिमिक्सचा कोबा.

ट्रिमिक्समध्ये ओतलेल्या ओल्या काँक्रीटवर गाळणीची चटई अंथरतात आणि पंपाने त्यातले जास्तीचे पाणी ओढून घेतात. काँक्रीट पसरवायला जेवढे पाणी लागते तेवढे त्याला मजबुतीसाठी लागत नाही. ते जास्तीचे पाणी मागे राहिले तर सुकताना पोकळ्या सोडते आणि वरचा थर ठिसूळ करते. पाणी निघाले की आधी फिरत्या तबकडीचे आणि मग फिरत्या पात्यांचे यंत्र चालवून पृष्ठभाग घोटतात. पाती जितकी तिरकी आणि फेऱ्या जितक्या जास्त, तितका कोबा दाट आणि गुळगुळीत. गोदामे, कारखाने, पार्किंग यांच्यासाठी ही पद्धत वापरतात, कारण तिथे जड चाके सतत फिरतात. कारखान्याच्या ट्रॉलीसाठी केलेली जमीन फ्लॅटलँडच्या सायकलीला तंतोतंत मानवते. घोटलेली पण काचेसारखी नसलेली, कडक, बारीक दाण्याची.

अशा जागा बहुमजली पार्किंगमध्ये, तळघरांत आणि इमारतींखालच्या स्टिल्टमध्ये असतात. आठवडाभर त्या गाड्यांनी भरलेल्या असतात. पण हिंजवडीच्या आयटी आवारांची लय ठरलेली आहे: शनिवारी सकाळी तिथली पार्किंगे ओस पडतात. इथे जागेची टंचाई कमी आणि वेळेची व परवानगीची जास्त, असे म्हणावे लागते. तळघराला मात्र दोन अटी. गाड्यांची ये-जा चालू असेल तर तिथे खेळू नये, आणि हवा खेळती नसेल तर मुळीच नाही. गाड्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि गंधहीन असतो. सर्वांत वरचा उघडा मजला यापेक्षा केव्हाही बरा. तिथे पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो, पण खांब नसतात आणि उजेड भरपूर असतो.

दुसरी चांगली जागा म्हणजे बास्केटबॉलचे कोर्ट. पूर्ण कोर्ट २८ बाय १५ मीटरचे, म्हणजे त्यावर दोन खेळाडू आरामात सराव करतील. मोठ्या गृहप्रकल्पांत आणि शाळांत ती आहेत. काहींवर काँक्रीटवर ॲक्रिलिक रंगाचे थर असतात; त्यात बारीक वाळू मिसळलेली असते, पकड उत्तम मिळते, फिरकी थोडी जड जाते. रबरी टाइल बसवलेले कोर्ट टाळावे, कारण मऊ जमीन गती पिते. स्केटिंग रिंक मिळाली तर फारच छान. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये लहान मुलांच्या स्केटिंगचे वर्ग जोरात चालतात आणि रिंकचा मधला सपाट भाग बहुधा मोकळा असतो. स्केटच्या चाकांना आणि फ्लॅटलँडच्या टायरला जमिनीकडून हवे ते सारखेच असते. हिंजवडीच्या शेजारी बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात सायकलींचा व्हेलोड्रोम आहे. सायकलीसाठी सरकारने बांधलेली ही मोठी वास्तू, पण तिची वळणे तीव्र कलती, वेगासाठी बेतलेली. सायकल या शब्दाखाली किती वेगळ्या गरजा येतात ते तिथे उभे राहिल्यावर कळते.

जागा दिसली की पारख. महागडी साधने लागत नाहीत. पहिली परीक्षा पाण्याची: मधोमध बादलीभर पाणी ओतावे आणि ते कुठे, किती वेगाने जाते ते पाहावे. एका बाजूला पळत सुटले तर उतार जास्त आहे. सगळीकडे हळूहळू पसरले तर जमीन उत्तम. मध्येच थबकून डबके झाले तर तिथे खळगा आहे, आणि खळगा उतारापेक्षा जास्त त्रास देतो, कारण उतार अंदाजात बसतो, खळगा बसत नाही. दुसरी परीक्षा गवंड्याच्या लांब ॲल्युमिनियमच्या पट्टीची. तीन मीटरची पट्टी जमिनीवर आडवी-उभी ठेवून तिच्याखाली किती फट राहते ते बघावे. तीन-चार मिलिमीटरपर्यंत चालते. पट्टीवर पाणसळ ठेवली की उतारही मोजून होतो. मोबाइलमधली पाणसळ अंदाजापुरती ठीक, पण फोनच्या आखूड पायावर एक टक्का उतार खात्रीने कळत नाही. फरक तपासायचा तर गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यावी. तिची दोन टोके मैदानाच्या दोन कोपऱ्यांत धरली की उंचीतला फरक मिलिमीटरमध्ये वाचता येतो. दहा मीटरला पाच सेंटिमीटर, म्हणजे अर्धा टक्का, इथपर्यंतचा उतार बहुतेकांना सोसतो.

तिसरी परीक्षा उजेडाची आणि ती सर्वांत सुंदर. मावळतीच्या तिरप्या उन्हात किंवा रात्री जमिनीला समांतर धरलेल्या बॅटरीच्या प्रकाशात प्रत्येक उंचवटा आपली सावली टाकतो. दुपारी बारा वाजता निर्दोष दिसणारी फरशी संध्याकाळी सहा वाजता खरे रूप दाखवते. दिसलेले दोष तिथल्या तिथे खडूने खुणावून ठेवावेत.

शेवटी तळहात. जमिनीवरून फिरवलेला हात पांढरा झाला तर वरचा थर धूळ सोडतोय. ओतताना पाणी जास्त पडले किंवा ओतल्यावर पुरेसे पाणी मारले नाही, की सिमेंटची कमकुवत साय वर येऊन सुकते आणि मग वर्षानुवर्षे झडत राहते. अशी जमीन कितीही झाडली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पिठूळ.

हिंजवडीत जमीन सुधारण्याचे पहिले आणि सर्वांत मोठे काम म्हणजे झाडणे. हे वाक्य वाचून कोणी निराश होऊ नये. खराट्याने जितका फरक पडतो तितका इथे कशानेच पडत नाही. नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून महाराष्ट्रातल्या बांधकामांत काळा पाषाण दळून केलेली क्रश सँड वापरली जाते. तिचा मोठ्यात मोठा दाणा पावणेपाच मिलिमीटरपर्यंत असतो, दगड बेसॉल्टचा असल्याने तो टायरखाली चिरडत नाही, आणि तो ट्रकमधून, मिक्सरमधून, मजुरांच्या बुटांमधून सगळीकडे पोहोचतो. बांधकामे चालू असलेल्या गावात ही कच रोज नव्याने येते. आधी खराट्याने मोठा कचरा, मग मऊ झाडूने बारीक धूळ, शक्य असेल तर शेवटी ओले पुसणे, हा क्रम. नुसता खराटा फिरवला की मोठे खडे जातात आणि बारीक धूळ पसरते, आणि घसरण्याचे खरे कारण ती धूळच असते. सळ्या बांधायच्या तारेचे तुकडे हा आणखी एक धोका. जास्त हवा भरलेल्या टायरला ते सहज भोसकतात. दोरीला बांधलेला जुन्या स्पीकरचा चुंबक जमिनीवरून ओढत नेला की ते गोळा होतात.

पावसाळ्यात सावलीतल्या काँक्रीटवर शेवाळ चढते. सुकल्यावर ते दिसेनासे होते, पण पहिल्या ओलीत पुन्हा निसरडे होते. ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकून, थोडा वेळ ठेवून, ताठ ब्रशने घासून धुवावे. हातमोजे घालावेत आणि त्यात ॲसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. पार्किंगमधल्या ऑइलच्या डागांवर आधी लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घ्यावे आणि मग साबणाच्या पाण्याने घासावे.

धूळ सोडणाऱ्या कोब्यावर इलाज आहे. बाजारात डेन्सिफायर नावाने मिळणारे द्रव सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचे असतात. ते काँक्रीटमध्ये मुरतात, तिथल्या मोकळ्या चुन्याशी त्यांची रासायनिक क्रिया होते आणि सिमेंटला मजबुती देणारे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटच आणखी तयार होते. वर रंगाचा थर बसत नाही, त्यामुळे पोपडे निघण्याचा प्रश्नच नाही. ज्या सोसायट्या पार्किंगची धूळ गाड्यांवर बसते म्हणून तक्रार करतात त्यांनाही हा उपाय हवाच असतो. सायकलवाल्या मुलांची आणि गाडीमालकांची गरज इथे एक होते, आणि समितीपुढे बोलताना ही गोष्ट आधी सांगावी.

भेगा आणि सांधे यांत गल्लत होऊ देऊ नये. ट्रिमिक्सच्या जमिनीत तीन-चार मीटरवर दिसणाऱ्या सरळ खाचा मुद्दाम कापलेल्या असतात. काँक्रीट सुकताना आक्रसते, कुठेतरी तडकणारच; ते ठरल्या रेषेत तडकावे म्हणून ओतल्यावर एखाद्या दिवसात जाडीच्या पाव भागाइतकी खाच कापतात. ती कडक सिमेंटने बुजवली तर जमीन हलली की भरलेले निखळते आणि कडाही तुटतात. तिथे आत फोमची दोरी दाबून वर पीयू सीलंट भरावे आणि ते जमिनीच्या पातळीला अगदी सपाट पुसून घ्यावे. खड्डा असेल तर निराळी रीत. सैल भाग छिनीने काढायचा, कडा काटकोनात कापायच्या, धूळ पूर्ण झाडायची आणि मग इपॉक्सी मॉर्टर किंवा लेटेक्स मिसळलेले सिमेंट भरायचे. उथळ खड्ड्यावर नुसत्या सिमेंटचा पातळ थापा मारणे हा घरोघरचा उपाय, आणि तो टिकत नाही. कडेकडे निमुळता होत जाणारा थर पहिल्याच महिन्यात सुटतो आणि त्याचे तुकडे नवे खडे होऊन पसरतात. उंचवटा असेल तर तो घासून काढावा लागतो. डायमंड चकती लावलेला ग्राइंडर हे काम मिनिटांत करतो, पण काँक्रीटची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक आहे. पाणी सोडत घासावे, चांगला मास्क लावावा, आणि ग्राइंडर शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये.

जिथे जमिनीला हातच लावता येत नाही तिथे जमीन वर अंथरता येते. आठ बाय चार फुटांच्या, १८ मिलिमीटर जाडीच्या बारा वॉटरप्रूफ प्लाय मांडल्या की साधारण ७.३ बाय ४.९ मीटरचा मंच होतो. पूर्ण वर्तुळांना तो अपुरा, पण एका चाकावर तोल शिकायला आणि सोसायटीच्या गणेशोत्सवात प्रात्यक्षिक दाखवायला पुरतो. प्लायच्या फळ्या विटांच्या सांध्यांसारख्या एकाआड एक सरकवून मांडाव्यात, म्हणजे चार कोपरे एका बिंदूत येत नाहीत.

आणि मुळातून नवी जमीन करायची झाली तर? दहा बाय दहा मीटर, दहा सेंटिमीटर जाड, म्हणजे दहा घनमीटर काँक्रीट. नेहमीच्या ट्रान्झिट मिक्सरच्या दोन गाड्या. एका मोठ्या गृहप्रकल्पाच्या बांधकामात हे प्रमाण नगण्य असते. खाली दाबून बसवलेला मुरूम आणि खडी, वर ट्रिमिक्सचा थर, तीनेक मीटरवर खाचा, अर्धा टक्का उतार आणि किमान आठवडाभर पाणी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडावी लागते. त्या जागेत लॉन, घसरगुंडी आणि पेव्हरची वाट यांच्या जोडीला शंभर चौरस मीटरचा घोटीव कोबा सहज बसतो. स्केटिंग, लेझीमचा सराव, लहानग्यांची पहिली सायकल, रांगोळी, सगळ्यांना तो उपयोगी.

सपाट जागा बनवण्याचे ज्ञान या मातीला नवे नाही. सुगीच्या आधी शेतकरी खळे करायचा: माती खणून, भिजवून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवून. मधोमध तिवडा रोवून बैलांची पात त्याभोवती फिरायची. एक दाणाही भेगेत जाऊ नये इतके ते खळे एकसंध असावे लागे आणि दर वर्षी ते नव्याने करावे लागे. एकदा बांधून विसरून जाण्याची वस्तू म्हणून त्याकडे कोणी पाहत नसे. आज हिंजवडीतल्या शंभर चौरस मीटरच्या कोब्याला नेमकी तेवढीच आस्था हवी आहे.

राहिली परवानगी. सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालून मिळवलेली जागा आठवड्यातच जाते. समित्यांच्या हरकती ठरलेल्या असतात: फरशी खराब होईल, काळे डाग पडतील, कोणाला लागले तर जबाबदारी कोणाची. तिन्हींना उत्तर आहे. फ्लॅटलँडमध्ये कठड्यांवर पेग घासत नाहीत, ती बीएमएक्सच्या स्ट्रीट प्रकाराची रीत आहे. फरक दोन मिनिटांच्या व्हिडिओत दाखवता येतो. डागांसाठी हलक्या रंगाचे टायर वापरावेत आणि सराव संपल्यावर जागा पुसून द्यावी. इजेसाठी हेल्मेट सक्तीचे, हँडलच्या नळीच्या टोकांना बुचे बसवलेली, आणि मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती. अर्जात ठरावीक वार, ठरावीक वेळ, ठरावीक चौकोन आणि जबाबदार मोठ्या माणसाचे नाव असावे. ‘मुलांना खेळायला जागा द्या’ या मोघम विनंतीला नकार देणे सोपे असते. ‘रविवारी सकाळी सात ते नऊ, वरच्या मजल्यावरचा पूर्वेकडचा कोपरा, आधी व नंतर आम्ही झाडून देऊ’ या विनंतीला नकार देण्यासाठी समितीला कारण शोधावे लागते.

हिंजवडीत उघड्या जमिनीवरचा हंगाम दिवाळीपासून मेअखेरपर्यंत. सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तेव्हा ज्यांच्या घरात अशी सायकल आहे त्यांनी पावसाळ्यातच जागा पाहून, पाणी ओतून, उतार मोजून ठेवावा आणि सभेची विषयपत्रिका निघण्याआधी लेखी अर्ज सचिवांच्या हाती द्यावा.